दहा हजार पिलांची नोंदवही

लेखाला सुरुवात करण्यापूर्वी तुमची एक छोटीशी परीक्षा घेतो. घाबरू नका, प्रश्न तुमच्या घरातलेच आहेत. घरी कुत्रा असेल तर त्याच्याविषयी उत्तरे लिहा. नसेल तर मांजर, शेळी, वासरू, काहीही चालेल. प्रश्न पहिला : तो चार महिन्यांचा असताना रात्री किती तास झोपत असे? प्रश्न दुसरा : त्याला घरात एकटे ठेवून तुम्ही पहिल्यांदा बाहेर गेलात, तेव्हा त्याने काय केले? प्रश्न तिसरा : पहिल्या वर्षात त्याचे पोट किती वेळा बिघडले?

लिहिलीत उत्तरे? आता ती कागदाखाली झाका आणि हेच प्रश्न घरातल्या दुसऱ्या कोणाला विचारा. दोघांची उत्तरे तंतोतंत जुळली, तर तुमचे घर फारच शिस्तीचे आहे असे समजा.

आमच्या घरी ही परीक्षा आपोआपच झाली. आमचा मोत्या मागच्या पायाने लंगडू लागला, म्हणून त्याला गुरांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी साधा प्रश्न विचारला, "कधीपासून लंगडतोय?" मी म्हणालो, "झाले असतील आठ दिवस." सौ. म्हणाली, "छे! दिवाळीपासून." आणि मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, मे महिन्याच्या सुट्टीतसुद्धा तो जिना चढताना मध्येच थांबायचा." डॉक्टरांनी तिघांची उत्तरे लिहून घेतली आणि पुढे एक प्रश्नचिन्ह काढले. मी महाविद्यालयात भौतिकी शिकवतो. मापन कसे करावे आणि त्यात त्रुटी कशा शिरतात, हे दरवर्षी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहितो. पण ज्याला मोत्याच्या पायाचे दुखणे म्हणतात त्याची एकही नोंद माझ्याजवळ नव्हती. मोत्याला तर सारे ठाऊक होते. पण त्याला सांगता येत नव्हते.

या अडचणीतून वाट काढण्यासाठी शास्त्रज्ञांनी एक मोठी युक्ती योजली आहे. तिची हकिकत आज तुम्हाला सांगायची आहे.

सुखाचे मोजमाप

कुत्रा सुखी आहे किंवा नाही, हे मोजायचे कसे? "शेपूट हलवतो म्हणजे सुखी" एवढ्याने शास्त्राचे समाधान होत नाही. मोजायचे म्हटले की प्रथम व्याख्या हवी. ब्रिटनमध्ये १९६५ साली ब्रॅम्बेल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने शेतावरील जनावरांच्या स्थितीविषयी अहवाल दिला. त्या विचारातून पुढे १९७९ मध्ये 'पाच स्वातंत्र्ये' मांडली गेली : भूक आणि तहान यांपासून मुक्ती, गैरसोयीपासून मुक्ती, वेदना, इजा व रोग यांपासून मुक्ती, आपल्या जातीला साजेसे वागण्याची मोकळीक, आणि भीती व मानसिक त्रास यांपासून मुक्ती. ही कल्पना मूळची गाई, डुकरे, कोंबड्या यांच्यासाठी. पण पुढे ती घरच्या पाळीव प्राण्यांनाही लावली जाऊ लागली. अशा विचाराला 'प्राणिकल्याण' म्हणतात.

व्याख्या मिळाली, की तिचे प्रश्नांत रूपांतर करता येते. पिलाला खायला काय आणि किती वेळा देता? ते कोठे झोपते? फटाक्यांच्या आवाजाला घाबरते का? शिकवताना त्याला खाऊ देता की दटावता? गेल्या तीन महिन्यांत आजारी पडले का? प्रश्न साधे आहेत. पण ते कोणाला आणि केव्हा विचारायचे, यात सारी खुबी आहे.

एक दिवस की दहा वर्षे?

समजा, मुलांची उंची कशी वाढते हे तुमच्या शाळेत शोधायचे आहे. एक रीत अशी : एकाच दिवशी पाचवीपासून दहावीपर्यंतच्या सर्व मुलांची उंची मोजायची आणि प्रत्येक इयत्तेची सरासरी काढायची. काम एका दिवसात आटोपते. पण एक खोट राहते. आजची दहावीतली मुले म्हणजे आजच्या पाचवीतली मुले नव्हेत. बुटका मुलगा नंतर भराभर वाढतो की बुटकाच राहतो, हे या रीतीने कधीच कळणार नाही. दुसरी रीत अशी : यंदाची पाचवीची तुकडी घ्यायची आणि तीच मुले दहावीत जाईपर्यंत दरवर्षी मोजत राहायचे. यासाठी पाच वर्षे थांबावे लागते. पण प्रत्येक मुलाच्या वाढीची रेघ हाती येते. या दुसऱ्या रीतीला 'दीर्घकालीन अभ्यास' म्हणतात.

यावर तुम्ही म्हणाल, "थांबायचे कशाला? दहावीतल्या मुलांनाच विचारू, की पाचवीत तुमची उंची किती होती?" मग मघाची परीक्षा आठवा. आठवण हे उपकरणच मुळात भरवशाचे नाही. त्यातून तिचा दोष एकाच बाजूला झुकणारा असतो. तीन वर्षांचा कुत्रा अनोळखी माणसावर धावून जाऊ लागला, की त्याचा मालक कारण शोधू लागतो आणि "हो, लहानपणी त्याला एका मुलाने दगड मारला होता" ही गोष्ट त्याला नेमकी आठवते. ज्याचा कुत्रा शांत आहे, त्याच्याही पिलाला कोणी दगड मारला असेल. पण तो ते केव्हाच विसरून गेलेला असतो. मग दगडाचा आणि धावून जाण्याचा संबंध आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. म्हणून परिणाम दिसण्यापूर्वीच कारणाची नोंद झालेली असली पाहिजे. दीर्घकालीन अभ्यासाचे बळ या एका गोष्टीत आहे.

माणसांपासून सुरुवात

ही पद्धत प्रथम माणसांवर घासूनपुसून तयार झाली. १९४६ च्या मार्च महिन्यातील एका आठवड्यात ब्रिटनमध्ये जन्मलेल्या बाळांपैकी ५,३६२ जणांचा मागोवा शास्त्रज्ञांनी जन्मभर घेतला. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम या गावी १९४८ साली ५,२०९ स्त्रीपुरुषांची तपासणी सुरू झाली. वाढलेला रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध पक्का होण्यात त्या गावाचा मोठा वाटा आहे. ब्रिस्टल शहरात १९९१-९२ मध्ये चौदा हजारांहून अधिक गरोदर मातांची नोंद झाली आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास वर्षानुवर्षे चालू राहिला.

आपल्या महाराष्ट्राचेही या इतिहासात नाव आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला आणि त्या मातांची मुले मोठी होईपर्यंत त्यांचा पाठपुरावा केला. इथली बाळे जन्मतः सरासरी सुमारे २.७ किलोग्रॅम वजनाची भरली, तर तुलनेसाठी घेतलेली इंग्लंडमधील बाळे सुमारे ३.५ किलोग्रॅमची. गंमत अशी, की वजन कमी असूनही आपल्या बाळांच्या अंगातील चरबी त्या मानाने कमी नव्हती. दिसायला बारीक, पण आत चरबी राखून असलेले हे बाळ पुढे मधुमेहाकडे का झुकते, हा शोध त्या सहा खेड्यांतील मातांनी चिकाटीने साथ दिली म्हणून पुढे जाऊ शकला.

आता पिलांची पाळी

ब्रिस्टलच्या विद्यापीठातील पशुवैद्यकांनी प्रथम मांजरांवर हात चालवून पाहिला. २०१० ते २०१३ या काळात त्यांनी दोन हजारांहून अधिक मांजराच्या पिलांची नोंद केली. त्यानंतर २०१६ मध्ये 'डॉग्ज ट्रस्ट' या संस्थेने ब्रिस्टल विद्यापीठाच्या सहकार्याने कुत्र्यांच्या पिलांचा अभ्यास हाती घेतला. त्याचे नाव 'जनरेशन पप', म्हणजे 'पिलांची पिढी'. ही संस्था १८९१ साली लंडनमध्ये स्थापन झालेली, बेवारस कुत्र्यांना आश्रय देणारी. "कुत्रा जन्माचा सोबती आहे, नुसता नाताळची भेट नव्हे" अशा अर्थाचे तिचे १९७८ चे घोषवाक्य त्या देशात घरोघरी माहीत आहे. ज्यांच्या दारात लोक वाढलेले, बिथरलेले कुत्रे आणून सोडतात, त्यांना हा प्रश्न पडणे साहजिक होते : हे बिघडले कोठे? आणि ते आधी कळले असते तर?

अभ्यासाची रचना अशी. ब्रिटन आणि आयर्लंडमधील कोणाही पाळणाऱ्याने आपल्या पिलाचे नाव नोंदवावे. पिलू जातिवंत असो वा मिश्र जातीचे. अट एवढीच, की ते साधारणपणे १६ आठवड्यांपेक्षा लहान असावे. मग ठरावीक वयाला, म्हणजे १२ आठवडे, १६ आठवडे, सहा महिने, नऊ महिने, एक वर्ष असे करत, मालकाला प्रश्नावली येते. कुत्रा मोठा होत जातो आणि प्रश्नावल्या त्याच्या मागोमाग येत राहतात. ज्यांची तयारी असेल ते पिलाचे केस, लाळ, लघवी, विष्ठा यांचे नमुनेही देऊ शकतात. केसांत काय असते म्हणाल, तर ताणाच्या वेळी शरीरात वाढणारे कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक वाढत्या केसात थोडे थोडे उतरत असते. म्हणजे केस ही शरीराने स्वतःच लिहिलेली रोजनिशीच होय. उद्दिष्ट होते दहा हजार पिलांचे.

लक्षात घ्या, येथे प्रयोगशाळा नाही, पिंजरे नाहीत, पांढरे डगले नाहीत. पिलू आपल्या घरीच राहते, शास्त्रज्ञ त्याला हातही लावत नाही. निरीक्षक आहे तो घरचा माणूस : शाळकरी मुलगी, निवृत्त कारकून, दुकानदार. अशा हजारो निरीक्षकांवाचून हे शास्त्र उभेच राहिले नसते.

दहा हजारच का?

पाचपन्नास पिले पुरली नसती का? थोडे गणित करू. एखादा आजार शंभरांत एका कुत्र्याला होतो असे धरा. २०० पिले घेतली तर सुमारे दोन आजारी सापडतील. दोघांवरून कसला निष्कर्ष काढणार? १०,००० घेतली तर सुमारे शंभर सापडतील, आणि मग त्या शंभरांची उरलेल्यांशी तुलना करता येईल.

दुसरे कारण भौतिकीच्या प्रयोगवहीतले आहे. तुम्ही लंबकाचा आवर्तकाल पुन्हा पुन्हा मोजून सरासरी काढता, कारण घड्याळाची कळ दाबताना हात कधी थोडा लवकर पडतो, कधी उशिरा. अशा इकडेतिकडे पडणाऱ्या त्रुटी सरासरीत एकमेकींना खोडतात. वाचनांची संख्या n असेल तर सरासरीतील त्रुटी n च्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. १०० पिलांऐवजी १०,००० पिले घेतली, की संख्या शंभरपट होते आणि ही त्रुटी दहापट कमी होते.

पण सावधान! पट्टीचे टोकच झिजलेले असेल, तर तिने दहा हजार वेळा मोजूनही उत्तर चुकीचेच येणार. एकाच बाजूला झुकलेली त्रुटी संख्या वाढवून जात नाही. पिलांच्या अभ्यासात अशा झुकत्या त्रुटी तीन ठिकाणी दडलेल्या असतात.

पहिली, नाव कोण नोंदवतो? ज्याला कुत्र्याची आस्था आहे आणि हाताशी वेळ आहे, तोच. कुत्र्याला दिवसभर साखळीने बांधून ठेवणारा प्रश्नावली भरायला कशाला बसेल? म्हणून या नोंदींतला सरासरी कुत्रा हा देशातल्या सरासरी कुत्र्यापेक्षा थोडा भाग्यवानच असतो.

दुसरी, मध्येच कोण सोडून जातो? एक काल्पनिक उदाहरण घ्या. १,००० पिले आहेत, त्यांतली २०० त्रासदायक निघाली. खरे प्रमाण २० टक्के. आता त्रासलेल्या मालकांपैकी निम्म्यांनी कंटाळून प्रश्नावली भरणे सोडले, आणि बाकीच्या ८०० पैकी दहा टक्क्यांनी सोडले. उरली १०० त्रासदायक आणि ७२० शहाणी, एकूण ८२०. आता प्रमाण निघते १०० भागिले ८२०, म्हणजे सुमारे १२ टक्के. एकही पिलू सुधारले नाही. फक्त काही कागद परत आले नाहीत! म्हणून "माझा कुत्रा आता माझ्याकडे नाही", "तो वारला" ही उत्तरेसुद्धा या अभ्यासाला हवी असतात. ती लिहिताना मालकाच्या मनाला काय वाटत असेल ते वेगळे सांगायला नको. पण तो कागद आला नाही, तर जी पिले दुःखी झाली तीच नेमकी हिशोबातून गळतात.

तिसरी, उत्तर खरे कोण देतो? "पिलाला कधी मारता का?" याला "हो" लिहिणे सोपे नाही. प्रश्न विचारणाऱ्याने दोष न देता विचारावे आणि उत्तर देणाऱ्याने लाज बाजूला ठेवून लिहावे, हा या संशोधनातला अलिखित करार आहे.

काय आढळले?

या नोंदींतून २०२० मध्ये झोपेविषयी एक निबंध प्रसिद्ध झाला. १६ आठवड्यांच्या २,३३२ पिलांची आणि एक वर्षाच्या १,०९१ कुत्र्यांची माहिती त्यात होती. मालकांच्या मते लहान पिले दिवसा जास्त झोपत, पण रात्री आणि एकूण चोवीस तासांत वर्षाच्या कुत्र्यांपेक्षा कमी झोपत. येथे "मालकांच्या मते" हे शब्द शास्त्रज्ञांनी मुद्दाम घातले आहेत. का बरे? रात्री मालकही झोपलेलाच असतो! पिलू कुईंकुईं करून उठवते तेव्हा ते जागे आहे एवढे कळते. ते गुपचूप जागे असेल तर कोण पाहणार? आपल्या उपकरणाची मर्यादा निष्कर्षाच्या वाक्यातच सांगून टाकणे हे चांगल्या संशोधकाचे लक्षण होय.

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला दुसरा निबंध एकटेपणाविषयी होता. घरात एकटे राहिले की काही कुत्रे येरझारा घालतात, रडतात, स्वतःभोवती गरगर फिरतात. असे कुत्रे पुढे शेजाऱ्यांच्या तक्रारींचे कारण होतात आणि कित्येकदा घराला मुकतात. सहा महिन्यांच्या १४५ पिलांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये अशी काही ना काही लक्षणे दिसली. जी पिले १६ आठवड्यांची असताना रात्री नऊ तास किंवा अधिक झोपत होती आणि ज्यांना रात्रीसाठी स्वतःची बंदिस्त, सुरक्षित जागा होती, त्यांच्यात हे प्रमाण कमी होते. उलट, परत आल्यावर पिलाने केलेला पसारा पाहून जे मालक त्याला गोंजारत बसत, त्यांच्या पिलांत ही लक्षणे असण्याची शक्यता सुमारे सहापट आढळली.

वाचून तुम्हाला वाटेल, "चला, गोंजारणे बंद!" थांबा. गोंजारल्यामुळे पिलू अस्वस्थ झाले, की पिलू अस्वस्थ आहे हे पाहून मालकाने गोंजारले? कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे नुसत्या संबंधावरून ठरत नाही. झोपेचे मात्र तसे नाही. झोपेची नोंद १६ आठवड्यांना झाली, लक्षणे पाहिली सहा महिन्यांना. आधीची गोष्ट आधी लिहिली गेली होती. एवढ्यानेही कारण सिद्ध होत नाही. पण संशय निदान योग्य दिशेने वळतो.

अमेरिकेतील कुत्र्यांच्या वार्धक्यावरील एका मोठ्या प्रकल्पात याचा छान धडा मिळाला. २०२२ मध्ये २४,२३८ कुत्र्यांच्या माहितीवरून असे दिसले, की दिवसातून एकदाच खाणारे कुत्रे जास्त निरोगी आहेत. पण ही सारी माहिती एका वेळची होती. आजारी कुत्र्याला औषध खाण्यातून दोनतीनदा द्यावे लागते, तेव्हा आजारामुळेच त्याची जेवणे वाढलेली असू शकतात! म्हणून "यावरून कुत्र्याचे जेवण बदलू नका" असा इशारा संशोधकांनी स्वतःच दिला.

कारण पक्के करायचे तर प्रयोग करावा लागतो. अमेरिकेत ४८ लॅब्राडोर पिलांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न जन्मभर दिले गेले. २००२ मध्ये निष्कर्ष आला : भरपेट खाणाऱ्या गटाचे मध्यक आयुष्य ११.२ वर्षे, बेताने खाणाऱ्यांचे १३.० वर्षे. येथे उत्तर स्वच्छ मिळाले, पण फक्त ४८ कुत्र्यांवर आणि एकाच प्रश्नाचे. पिलाला घाबरवून पाहण्याचा किंवा एकटे कोंडून ठेवण्याचा प्रयोग तर कोणीही करू नये. तेथे घरोघरच्या नोंदी हाच सभ्य मार्ग उरतो.

अमेरिकेतील मॉरिस अॅनिमल फाउंडेशनने २०१२ मध्ये सुरू केलेला अभ्यासही सांगण्यासारखा आहे. त्यात ३,०४४ गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांची नोंद झाली. या जातीत कर्करोग फार. म्हणून मालकांनी दरवर्षी लांबलचक प्रश्नावली भरायची आणि पशुवैद्याने रक्त, केस, नखे यांचे नमुने घ्यायचे. त्यातून २०१९ मध्ये असे दिसले, की सहा महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या कुत्र्यांत सांध्यांच्या दुखापती जास्त होत्या. मात्र हे एका जड अंगाच्या जातीविषयी झाले. त्यावरून "गल्लीतल्या कुत्र्यांची नसबंदी वाईट" असे म्हणाल तर चुकाल. ज्या गटाचे मापन केले त्या गटापुरतेच उत्तर खरे.

ज्यांना मालकच नाही

आता आपल्या रस्त्यावर या. आपल्याकडची कितीतरी पिले कोणाच्याच मालकीची नसतात. त्यांची प्रश्नावली कोण भरणार? कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील डॉ. अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पायी फिरून भरली. पश्चिम बंगालमधल्या रस्त्यांवर जन्मलेल्या ९५ वेतांतील ३६४ पिलांवर त्यांनी लक्ष ठेवले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष मन विषण्ण करणारा आहे. वयात येईपर्यंत जगली ती केवळ १९ टक्के. म्हणजे पाचांतले जेमतेम एक. आणि झालेल्या मृत्यूंपैकी ६३ टक्क्यांना या ना त्या प्रकारे माणूस कारणीभूत होता. हा आकडा कोणाच्या आठवणीतून आलेला नाही. पिले मोजली, पुन्हा जाऊन मोजली, पुन्हा मोजली, आणि जी दिसली नाहीत त्यांची नोंद केली, तेव्हा तो आला. "रस्त्यावरची पिले मरायचीच" असे आपण सहज म्हणतो. ती कशाने मरतात हे कळल्यावर तसे म्हणणे जड जाते.

तुमची नोंदवही

तुमच्या घरी पिलू येणार असेल तर एक शंभरपानी वही घ्या. काही नियम पाळा. आठवड्याचा एक वार ठरवा आणि त्याच वारी लिहा. दिनांक आणि पिलाचे वय आधी घाला. जे पाहिले ते लिहा. जे वाटले ते निराळ्या रकान्यात लिहा. "रागावला" असे न लिहिता "गुरगुरला, कान मागे पाडले" असे लिहा. एखादा आठवडा राहून गेला तर "नोंद नाही" असे लिहा. आठवून आठवून रकाना भरू नका. आणि मागचे खोडू नका.

वजनाबाबत एक सूचना. पिलाला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहायचे आणि स्वतःचे वजन वजा करायचे, ही रीत सर्वांना ठाऊक आहे. पण काटा अर्ध्या किलोपर्यंतच दाखवत असेल, तर प्रत्येक वाचनात पाव किलोपर्यंत चूक होऊ शकते आणि वजाबाकीत दोन्ही चुका एकत्र आल्या तर अर्धा किलो. पिलू अडीच किलोचे असेल तर ही चूक वीस टक्के झाली! त्यापेक्षा पिलाला टोपलीत बसवून किराणा दुकानाच्या तराजूवर तोला आणि टोपलीचे वजन वजा करा. दुकानदार हसेल, पण तोलून देईल.

गुरुजनांना विनंती, की वर्गातील दहाबारा मुलांनी एकाच नमुन्याचे रकाने आखून वर्षभर अशा नोंदी ठेवल्या, तर सरासरी, आलेख आणि त्रुटी हे तिन्ही धडे पुस्तकाबाहेर शिकवता येतील. वर्षअखेर किती वह्या पूर्ण झाल्या आणि कोणत्या मुलांच्या मध्येच बंद पडल्या, हेही तपासावे. तोही धडाच आहे.

मोत्या आमच्याकडे आणखी दोन वर्षे होता. त्याचे दुखणे नेमके कधी सुरू झाले ते शेवटपर्यंत कळले नाही. औषधाने त्याला आराम पडला. पण डॉक्टर म्हणाले, की हे सांधे आधी पाहिले असते तर बरे झाले असते. त्याच्यानंतर घरात दुसरे पिलू आले, तेव्हा मुलीने पहिल्याच दिवशी वही घातली. पहिल्या पानावर तिने रकाने आखले आहेत : दिनांक, वय, वजन, खाणे, झोप, चाल. "चाल" हा रकाना तिने कोणी न सांगता घातला. काही ठिकाणी "माहीत नाही" असे लिहिलेले आहे. ती वही मी माझ्या विद्यार्थ्यांना दाखवतो, आणि त्या "माहीत नाही"वर बोट ठेवून सांगतो, की हेसुद्धा एक वाचनच आहे, प्रामाणिकपणे घेतलेले.